‘भो’ची नोंद कशी करावी: खान्देशातल्या एकाक्षरी शब्दाचे अर्थ आणि मूळ शोधण्याची रीत

खान्देशात ‘भो’ दिवसभर कानावर पडतो. बोलीभाषेच्या याद्यांमध्ये मात्र त्याच्यापुढे ‘भाऊ’ एवढंच लिहून लोक पुढे सरकतात. ते चूक नाही, पण त्यानं शब्द कळत नाही. ही वाक्यं एकापाठोपाठ मोठ्यानं वाचून पाहा:

काय भो, कथा चालना?
हाव भो.
नही भो, माले नही जमत.
काय सांगस भो!
ओ भो, नीट बोल.
आते मी काय करू भो?

पहिल्यात (‘कुठे चाललास?’) विचारपूस आहे, दुसऱ्यात रुकार, तिसऱ्यात नकाराची धार बोथट केलेली. चौथ्यात नवल आहे, पाचव्यात दम दिलेला आणि सहाव्यात हतबलता. सगळीकडे ‘भाऊ’ असा एकच अर्थ लावला तर शेवटच्या वाक्यात तो जवळजवळ निरर्थक ठरतो, कारण तिथे कोणाला हाक मारलेलीच नसते. माणूस स्वतःशी बोलतानाही ते वाक्य म्हणू शकतो.

अशा छोट्या शब्दाचा सगळा अर्थ त्याच्या शेजारी असतो: आधी काय बोललं गेलं, कोण कोणाला बोललं, सूर चढा होता की उतरता. म्हणून पुढची सगळी रीत एका गोष्टीवर उभी आहे. शब्द सुटा गोळा करायचा नाही, आख्खं वाक्य गोळा करायचं. भो हे उदाहरण घेतलं आहे, पण ‘वं’, ‘बा’, ‘रे’ किंवा नागपूरकडचा ‘बे’ यांच्यावरही हेच काम करता येईल.

वाक्यं गोळा करणं

कोणालाही ‘भो म्हणजे काय?’ असं विचारू नका. ‘भाऊ’ एवढंच उत्तर मिळेल आणि पुढची दहा मिनिटं समोरचा माणूस जपून बोलेल. थेट प्रश्न विचारला की लोक शब्दाचा अर्थ सांगत नाहीत, शाळेत शिकलेलं उत्तर देतात. त्यापेक्षा ऐका, आणि ऐकलेलं त्याच दिवशी लिहून ठेवा. रात्र उलटली की वाक्य आपोआप प्रमाण मराठीत जातं. ‘कथा चालना’ ऐकलेलं असतं आणि वहीत ‘कुठे चाललास’ उतरतं. एकदा असं झालं की ती नोंद बोलीच्या कामाची उरत नाही.

सुरुवातीला साठ वाक्यांचं उद्दिष्ट ठेवा: तीन वेगळ्या तालुक्यांतून प्रत्येकी वीस. एका घरातून किंवा एका मित्रमंडळातून पाचाहून जास्त घेऊ नका, नाहीतर त्या घराची लकब म्हणजेच खान्देशाची बोली असा समज होतो. वहीत किंवा फोनवरच्या तक्त्यात प्रत्येक वाक्यासाठी एवढे रकाने हवेत: आधीचं वाक्य, भो असलेलं वाक्य जसंच्या तसं, त्यावरचं उत्तर, बोलणाऱ्याचं आणि ऐकणाऱ्याचं अंदाजे वय, दोघांचं नातं, गाव आणि तालुका, जागा, सूर, तारीख. ‘त्यावरचं उत्तर’ हा रकाना लोक हमखास वगळतात, आणि अर्थ ठरवताना सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच होतो. ‘ओ भो’ला उत्तर म्हणून समोरचा हसला की गुरकावला, यावरून ती हाक होती की दम, हे ठरतं.

नावं लिहू नका. क, ख, ग अशी अक्षरं वापरा. रेकॉर्डिंग करत असाल तर परवानगी आधी घ्या आणि पहिली दहा मिनिटं सोडून द्या. तेवढ्यात माणसं फोन विसरतात. फोन बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर, खाली रुमाल घालून ठेवा, म्हणजे टेबलाची खडखड येत नाही. पंख्याखाली बसू नका. फाइलच्या नावातच तारीख, गाव आणि क्रमांक टाका. ‘नवीन रेकॉर्डिंग ७’ कुठलं होतं ते महिन्याभरानं कोणालाही आठवत नाही.

व्हॉट्सअॅपचे गट हा मोठा साठा आहे. गटाच्या परवानगीनं चॅट मीडियाविना एक्सपोर्ट केलं की साधी मजकुराची फाइल मिळते आणि तिच्यात शोध घेता येतो. नुसतं ‘भो’ शोधलं तर भोपाळ, भोसले, भोजन आणि भोवती हे सगळे येऊन बसतात. म्हणून शब्दाच्या आधी आणि नंतर मोकळी जागा ठेवून शोधा, मग स्वल्पविराम, उद्गारचिन्ह आणि प्रश्नचिन्ह लावून पुन्हा शोधा. ‘भौ’ आणि ‘भोऽ’ वेगळे शोधा. कीबोर्डवर अवग्रह (ऽ ही खूण) चटकन सापडत नसल्यामुळे पुष्कळ जण त्याजागी रोमन एस दोन-तीनदा ठोकतात, तीही रूपं धरा. रोमन लिपीत लिहिलेला भो तर निम्म्या तरुणांच्या बोटांत असतो. आणि ‘भों’ आला तर थांबा: तो गाडीच्या भोंग्याचा किंवा कुत्र्याच्या भुंकण्याचा असू शकतो.

एकच विनोद पाच गटांत फिरत आला असेल तर तो एकदाच मोजा. रील आणि स्टँडअपमधला भो वेगळ्या कागदावर ठेवा. तिथे बोली हसवण्यासाठी वापरलेली असते, भो गरजेपेक्षा जास्त वेळा येतो आणि सूर ताणलेला असतो. तो खोटा नाही, पण रोजच्या बोलण्याचा पुरावा म्हणून चालत नाही.

कुठे आणि कधी ऐकायचं

खान्देश म्हणजे एक बोली नव्हे. धुळे, नंदुरबार आणि जळगावच्या पश्चिम भागात अहिराणी. रावेर, यावल, भुसावळकडे लेवा गणबोली. शिवाय तावडी, गुजरी, आणि सातपुड्यात भिली व पावरी. अहिराणी जिल्ह्यांच्या सीमा ओलांडून बागलाण, मालेगाव, कळवणपर्यंत जाते. बोलणारा नेमका कुठला हे ओळखायला दोन खुणा पुरतात. ‘आहे’च्या जागी ‘शे’ आला तर माणूस अहिराणी पट्ट्यातला. ‘हाये’ आला आणि डोळ्याचा ‘डोया’, केळीची ‘केयी’ झाली तर तो पूर्वेकडचा. ‘माले’, ‘तुले’ दोन्हीकडे आहेत, त्यावरून काही ठरवू नका. ‘शे की हाये’ असा एक छोटा रकाना तक्त्यात घातला तर पुढे नकाशा काढताना फार उपयोग होतो.

शब्द कुठवर पोहोचतो आणि कुठे दुसऱ्याला जागा देतो हे पाहण्यासाठी सुरत–भुसावळ रेल्वेमार्ग अगदी सोयीचा आहे. नवापूरचं स्टेशन महाराष्ट्र आणि गुजरात यांच्या हद्दीवर बसलेलं आहे. तिथून नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, जळगाव करत भुसावळ गाठायचं आणि पुढे मलकापूरमार्गे वऱ्हाडात शिरायचं. पश्चिम टोकाला गुजरातीतला ‘भाई’ भेटतो, पूर्व टोकाला वऱ्हाडी ‘भौ’. मधल्या प्रत्येक मोठ्या स्टेशनवर चहाच्या टपरीपाशी अर्धा तास दिला तरी कुठला शब्द कुठे जास्त आहे याचा अंदाज येतो. दुसरी रेघ आग्रा महामार्गाची: शिरपूर, धुळे, मालेगाव.

जागा निवडताना माणसं कामात असतील अशी निवडा. केळीचा ट्रक भरला जातो तिथे, बाजार समितीच्या लिलावात, कापसाच्या जिनिंगच्या फाटकापाशी, थंडीतल्या भरीत पार्टीत, पोळ्याच्या दिवशी. हातात काम असलं की कोणी भाषा सावरत बसत नाही. बायकांच्या बोलण्यातली संबोधनं हवी असतील तर आखाजीचे (अक्षय्य तृतीयेचे) दिवस धरा. वैशाखातल्या त्या सणाला लेकी माहेरी येतात आणि झोक्यापाशी ‘वं’ आणि ‘माय’ यांची इतकी रेलचेल असते की आठवड्याचं काम एका दुपारी होतं. नागपंचमीनंतरच्या रविवारी येणारा कानबाई देवीचा सणही तसाच. तुमची बोली पुणेरी वळणाची असेल तर स्थानिक माणसाला बरोबर घ्या आणि शक्यतो गप्प राहा. प्रमाण मराठी कानावर पडली की समोरचाही प्रमाण बोलू लागतो, भो गळतो आणि त्याच्या जागी ‘साहेब’ येतो.

सूर लिहिणं

इथे आळस केला तर पुढचं सगळं फसतं. ‘काय भो’ हे विचारपूस म्हणूनही येतं आणि वैतागूनही. अक्षरं तीच राहतात. चार खुणा पुरेत: चढता सूर असेल तर वरच्या दिशेचा बाण, उतरता असेल तर खालच्या दिशेचा, स्वर लांबवला असेल तर अवग्रह, आणि भोच्या आधी थांबा असेल तर उभी रेघ. थांब्याची खूण विसरू नका. ‘जाऊ दे भो’ सलग म्हटलं तर ती समजूत असते. ‘जाऊ दे | भो’ असं तोडून म्हटलं तर पुष्कळदा वाट सोडायला सांगितलेलं असतं.

कान खात्री देत नसेल तर प्राट नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, ध्वनिशास्त्राचे अभ्यासक तेच वापरतात. फाइल उघडून सुराची रेघ पाहायची. पुरुषी आवाजासाठी सुराची कक्षा ७५ ते ३०० हर्ट्झ आणि बायकांच्या आवाजासाठी १०० ते ५०० हर्ट्झ ठेवायची. कक्षा चुकली की रेघ मध्येच दुप्पट वर उडते किंवा निम्म्यावर पडते, आणि नसलेला चढ दिसतो. अशी उडी दिसली की आधी कक्षा तपासा, अर्थ नंतर.

अर्थ वेगळे करणं

साठ वाक्यं झाली की चिठ्ठ्या करा आणि जमिनीवर पसरा. संगणकावरही जमतं, पण हातानं ढीग लावताना जी शंका येते ती पडद्यावर येत नाही. पहिल्या फेरीत कोणतंही नाव देऊ नका. सारखी वाटणारी वाक्यं जवळ ठेवत जा. मग प्रत्येक ढिगावर चार चाचण्या लावा.

पहिली, गाळून पाहायचं. ‘नही भो, माले नही जमत’ मधला भो काढा. वाक्य बरोबरच राहतं, पण ते तोडून बोलल्यासारखं होतं. म्हणजे इथे भोचं काम नकार मऊ करणं हे आहे. ‘ए भो, सरक जरा’ मधून काढला तर हाकच जाते, कोणाला सांगितलं ते कळत नाही. ही दोन कामं वेगळी, म्हणून ढीगही वेगळे.

दुसरी, बदलून पाहायचं. भोच्या जागी ‘भाऊ’, ‘दादा’, ‘रे’ आणि ‘राव’ घाला, आणि त्या गावच्या माणसाला दोन्ही वाक्यं ऐकवून कुठलं खटकतं ते विचारा. जिथे चारही चालतात तिथे भो नुसतं संबोधन आहे. ‘काय सांगस भो!’ या नवलाच्या वाक्यात ‘दादा’ घातलं की समोर खरोखरचा दादा उभा करावा लागतो. भोला तशी गरज पडत नाही. इथे पुण्याकडचा ‘राव’ फार शिकवून जातो. ‘काय राव’, ‘नाही राव’, ‘जाऊ दे राव’ ही सगळी वाक्यं भोच्या वाक्यांशी जोडी जुळवतात. राव हा मुळात राजा, पण या वाक्यांत राजाचा मागमूस नाही. नाम झिजून वाक्याची चव ठरवणारा शब्द कसा होतो, याचं ते तयार उदाहरण आहे.

तिसरी, प्रत्यय लावून पाहायचं. ‘भाऊले सांग’ चालतं, ‘भोले सांग’ नाही. ते ऐकून कोणी ‘कोण भोळा?’ असंही विचारेल. सख्ख्या भावाची ओळख करून देताना भाऊच म्हटलं जातं. म्हणजे भो विभक्ती घेत नाही, अनेकवचन घेत नाही, वाक्यात कर्ता होत नाही. व्याकरणाच्या भाषेत तो नाम राहिलेला नाही, अव्यय झाला आहे. नोंदीत त्याच्यापुढे ‘पु.’ (पुल्लिंगी नाम) लिहायचं की ‘अ.’ (अव्यय) हे या एका चाचणीवर ठरतं, आणि याद्यांमध्ये नेमकी इथेच चूक होते.

चौथी, माणसांची शिडी. धाकटा चुलतभाऊ, बरोबरीचा मित्र, मोठा भाऊ, अनोळखी प्रवासी, एसटीचा कंडक्टर, शिक्षक, मामा, सासरा: यातल्या कोणाला भो म्हटलेलं ऐकलं, त्यावर खूण करा. ज्या पायरीवर भो थांबतो तिथून पुढे कोणता शब्द सुरू होतो तेही लिहा. आबा, नाना, बापू, आप्पा यांची जागा तिथे दिसेल. मग बायकांची शिडी वेगळी. बाईला उद्देशून नेहमीची संबोधनं ‘वं’, ‘बाई’, ‘माय’ ही आहेत. बाईला उद्देशून भो ऐकू आला, विशेषतः कॉलेजच्या मुलींच्या आपसातल्या बोलण्यात, तर तारीख, गाव आणि दोघींचं वय नक्की टिपा. राव आज बायकांनाही सर्रास म्हटला जातो. भो त्या वाटेनं निघाला आहे का, हे ठरवायला अशाच तारखा लागतात, आणि त्या आज टिपल्या नाहीत तर पुन्हा मिळणार नाहीत.

चाचण्या झाल्यावर पाच ते सात ढीग राहावेत. बारा-पंधरा झाले असतील तर तुम्ही भोचा अर्थ न लावता वाक्यांचा अर्थ लावत आहात. ‘पाऊस पडी राहिना भो’ मध्ये पाऊस आहे म्हणून ‘हवामानविषयक भो’ असा ढीग होत नाही. उलट दोनच ढीग उरले तर सुराचा रकाना पुन्हा वाचा. तिथे खुणा अपुऱ्या असतात.

ढीग बरोबर लागले का, हे तपासायला दोन अशी माणसं बोलवा ज्यांनी तुमचे ढीग पाहिलेले नाहीत. त्यांना वीस वाक्यं आवाजासकट ऐकवा आणि एवढंच विचारा: हे कोण कोणाला म्हणत असेल, आणि पुढे काय झालं असेल? दोघांची उत्तरं तुमच्या ढिगाशी जुळली तर तो अर्थ पक्का. न जुळलेली वाक्यं फेकू नका.

मुळाचा शोध

इथे घाई सगळ्यात जास्त होते. भो म्हटलं की संस्कृत जाणणाऱ्याला लगेच ‘भोः’ आठवतो, आणि गोष्ट तिथेच संपवायचा मोह होतो. हा मोह समजण्यासारखा आहे, कारण साम्य खरं आहे. संस्कृतात भोः हे हाक मारण्याचं अव्यय आहे. मृदू वर्णापूर्वी त्याचा विसर्ग जातो आणि ‘भो राजन्’ असं रूप होतं. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात अभिवादन करताना आपल्या नावाच्या शेवटी भोः म्हणावं असा नियमच आहे. पालीतही तो शब्द जिवंत होता. भो म्हणून हाक मारणाऱ्या ब्राह्मणांसाठी ‘भोवादी’ असा शब्द धम्मपदाच्या ब्राह्मणवग्गात येतो. तेव्हा ‘असं होऊच शकत नाही’ म्हणून ही व्युत्पत्ती उडवून लावता येत नाही. ती पुराव्यानं तोलावी लागते.

दुसरी वाट भाऊपासून निघते: संस्कृत भ्रातृक, प्राकृत भाउअ, मराठी भाऊ. तिथून बोलण्याच्या ओघात भौ, आणि भौचा भो. (हिंदी भाई याच घराण्यातला. आपल्याकडे फारसीतून आलेल्या बिरादरीतला बिरादरही दूरचा नातेवाईक आहे.)

दोन वाटांमधून निवड करताना चार प्रश्न विचारा.

आवाजाचा बदल त्याच भाषेत इतरत्र दिसतो का? एका शब्दापुरता बदल मान्य करू नका, निदान दोन जोडीदार हवेत. ‘आऊ’चा ‘औ’: जाऊ दे–जौ दे, भाऊजी–भौजी. ‘औ’चा ‘ओ’: हिंदीत नौकर पण मराठीत नोकर, लिहिताना पौर्णिमा पण बोलताना पुष्कळदा पोर्णिमा. जोडीदार मिळाले. भोः–भो ही वाट तर आवाजाच्या बाबतीत सरळच आहे. या प्रश्नावर दोघे बरोबरीत.

मधली रूपं आज कुठे जिवंत आहेत का? इथे भाऊ पुढे जातो. भाऊ, भौ आणि भो ही तिन्ही रूपं शेजारशेजारच्या मुलखांत, एकाच कामासाठी बोलली जातात. पुष्कळदा एकाच माणसाच्या तोंडी सावकाश बोलताना भाऊ आणि घाईत भो येतो. गोळा केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये अशी जोडी मिळाली तर ती वेगळी काढून ठेवा, एखाद्या ग्रंथातल्या दाखल्याइतकी ती मोलाची आहे.

अर्थाची प्रत्येक पायरी पटते का? नात्याचा शब्द हाकेसाठी वापरणं ही आपली जुनी रीत आहे: दादा, नाना, आबा, बापू, माय, मामा. भाऊ हा मानाचा शब्द म्हणून अठराव्या शतकात रुळलेला होता. १७६१ च्या पानिपतावरचे सदाशिवरावभाऊ भाऊसाहेब म्हणूनच ओळखले जात. नातं, मग मान, मग बरोबरीची सलगी, मग नुसती वाक्याची चव, अशी उतरण लागते. भो मुख्यतः पुरुषांनाच म्हटला जातो, हेही भाऊशी जुळतं. संस्कृत भोः अनेकदा ज्याला हाक मारायची त्याच्या नावाआधी येतो. खान्देशी भो बहुतेक वेळा शेवटी लागतो. हा पुरावा मात्र हलका समजा, कारण अभिवादनात भोः शेवटीच आहे.

काळात खंड पडतो का? भोःपासून थेट आजच्या भोपर्यंत यायचं तर मधल्या शतकांतल्या बोलीतले दाखले हवेत, पोथीतले नव्हे. पोथीतला भो संस्कृताच्या अनुकरणानं आलेला असू शकतो. भाऊला ही अडचण नाही, तो कधी थांबलाच नाही.

म्हणून तोल भाऊकडे स्पष्ट झुकतो. नोंदीत तसं लिहा आणि भोःचाही उल्लेख करा, म्हणजे पुढच्या माणसाला तोच वाद पहिल्यापासून घालावा लागणार नाही.

शोधायला कोश लागतील. मोल्सवर्थचा कोश (दुसरी आवृत्ती १८५७), दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, तुळपुळे-फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश (१९९९) आणि टर्नर यांचा भारतीय आर्य भाषांचा तौलनिक कोश, हे चारही शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशिया डिजिटल ग्रंथालयात फुकट पाहता येतात. मोल्सवर्थमध्ये जुनं शुद्धलेखन आहे. ‘गाव’ मिळाला नाही तर ‘गांव’, ‘काही’ मिळालं नाही तर ‘कांहीं’ शोधा. त्यातलं कंसातलं रोमन एस म्हणजे संस्कृत आणि पी म्हणजे फारसी. पी पाहून प्राकृत समजणारे बरेच असतात. दाते कोशातली प्रदेशांची लघुरूपं सुरुवातीच्या यादीत दिलेली आहेत, ती आधी उतरवून घ्या. ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाचा तिसरा भाग (१९०७) खान्देशीला मराठीत न धरता भिली भाषांच्या सोबत ठेवतो. हे वर्गीकरण तुम्हाला पटो न पटो, तिथे बायबलमधल्या उधळ्या मुलाच्या गोष्टीचे स्थानिक नमुने छापलेले आहेत आणि त्यांत मुलगा बापाला, बाप मुलाला काय म्हणतो ते शंभरहून जास्त वर्षांपूर्वीचं हाती लागतं. कोशात शब्द नाही याचा अर्थ तो तेव्हा नव्हता असा मात्र घेऊ नका. घाईत बोललेली रूपं कोशकार टिपत नसत.

एक सावधगिरी. अमक्या अक्षरांचं लघुरूप म्हणजे हा शब्द, किंवा फौजेतल्या सांकेतिक खुणेतून तो आला, अशा व्युत्पत्त्या फॉरवर्डमध्ये फिरतात. ज्या व्युत्पत्तीत एक मजेदार प्रसंग आहे आणि आवाजाचा एकही जोडीदार नाही, ती बाजूला ठेवा.

नोंद लिहिणं

नोंदीत अर्थ जुन्याकडून नव्याकडे लावा, जास्त वापराकडून कमीकडे नव्हे, म्हणजे उतरण वाचणाऱ्याला दिसते. प्रत्येक अर्थाला एक तरी ऐकलेलं वाक्य, तालुक्यासकट. स्वतः रचलेलं वाक्य चालणार नाही. ते नेहमी जरा जास्तच नीटनेटकं होतं. खालचा साचा म्हणून घ्या आणि उदाहरणांच्या जागी तुमची वाक्यं भरा:

भो, अ. (बहुधा पुरुषाला उद्देशून, विभक्ती, वचन नाही.) १. हाक. ‘ए भो, सरक जरा.’ वाक्याच्या आरंभी, सूर चढता. २. भेटीतली विचारपूस, ‘काय’ला जोडून. ‘काय भो, कथा चालना?’ ३. रुकार किंवा नकार सौम्य करणारा. ‘हाव भो’, ‘नही भो’. सूर उतरता, आधी थांबा नाही. ४. नवल. ‘काय सांगस भोऽ!’ स्वर लांब. ५. दम, इशारा. ‘ओ भो, नीट बोल.’ आखूड, पुढे थांबा. ६. हतबलता, समोर कोणी असेलच असं नाही. ‘आते मी काय करू भो?’ शेजारची रूपं: भाऊ, भौ (वऱ्हाड). तुलना: राव. व्यु. भाऊ > भौ > भो, सं. भोः शी साम्य, सलग दाखला नाही.

पाचव्या अर्थापुढे वापराची सूचना जरूर लिहा. बाहेरून आलेला माणूस भो उत्साहानं उचलतो, आणि आखूड सुरात अनोळख्याला ‘ओ भो’ म्हणून बसतो. ते भांडणाला निमंत्रण ठरू शकतं. नव्या माणसानं दुसऱ्या आणि तिसऱ्या अर्थापासून सुरुवात करावी, आणि वडीलधाऱ्यांशी बोलताना आबा-नानांवरच राहावं.

जात लिहायची की नाही हा प्रश्न येतोच. तुमच्या साठ वाक्यांत तिच्यामुळे फरक दिसत नसेल तर लिहू नका. तालुका, वय आणि नातं एवढ्यावर भोचा बहुतेक फरक उलगडतो.

न जुळलेली वाक्यं नोंदीच्या खाली ‘अनिर्णित’ म्हणून तारखेसकट द्या. मूळ तक्ता आणि आवाजाच्या फाइली दोन ठिकाणी ठेवा, आणि बोलणाऱ्यांची संमती असेल तर एक प्रत जवळच्या महाविद्यालयाच्या मराठी विभागाकडे द्या. नोंद छापण्याआधी ज्या गावातून वाक्यं घेतली तिथल्या एका म्हाताऱ्याला आणि एका सोळा-सतरा वर्षांच्या पोराला ती वाचून दाखवा. म्हातारा पहिल्या अर्थावर अडला आणि पोरगा चौथ्यावर, तर तुमचा अर्थांचा क्रम पुन्हा तपासायला हवा.